मुंगीमार

टीव्हीच्या पडद्यावर मुंग्या आल्या की अख्खी गल्ली ‘मुंगीमार’ला हाक मारायची. नाव लोकांनी ठेवलेलं, पण गड्याला त्याचा भलताच अभिमान! चाळीस वर्षं दुरुस्तीचं दुकान चालवलं, पण पडद्यावर खरखर ठेवून एकही सेट दाराबाहेर जाऊ दिला नाही. आता तसले टीव्ही उरले नाहीत. हाताची खोड थोडीच जाते?

त्याची लेक शाळेत विज्ञान शिकवायची. नोकरी अजून कायम व्हायची होती, आणि आज तपासनीसबाई तिचं प्रदर्शन बघायला येणार होत्या. त्यावरच सगळं ठरणार होतं. आदल्या दिवशी तिने दुकानातला एक जुना खोक्यासारखा टीव्ही वर्गात नेऊन ठेवला. “बाबा, सकाळी जरा लवकर जाऊन पुसून ठेवाल?” एवढंच म्हणाली. तिथेच चुकली बिचारी.

म्हाताऱ्याने टीव्ही लावून बघितला, तर मुंग्याच मुंग्या! लेकीच्या अब्रूचा प्रश्न. त्याने मागचं झाकण उघडलं, लहरी पकडणारा ट्यूनर उपटला, सीडी प्लेअर जोडला. लेक आली तेव्हा पडद्यावर रंगीत मासे झकास पोहत होते.

“बाबा, मुंग्या कुठायत?”

“एक शिल्लक ठेवली नाही!”

लेक मटकन बाकावर बसली. “अहो, त्याच तर दाखवायच्या होत्या! विश्व सुरू झालं तेव्हा भट्टीसारखं तापलेलं होतं. त्याची धग निवत निवत अजून सगळीकडून येतेय. शंभर मुंग्यांत एखादी त्या धगीची असते. तेराशे ऐंशी कोटी वर्षांची! हाच माझा पुरावा होता.”

म्हाताऱ्याच्या पायाखालची वाळू सरकली. जेमतेम वीस मिनिटं उरली होती. तो ट्यूनर परत बसवू लागला. मुंग्या याव्यात म्हणून जन्मात पहिल्यांदाच धडपडत होता बिचारा! शेवटची वायर जोडली आणि बाई दारात हजर. खर्रर्र!

“बिघडलाय की हो हा. मेकॅनिक नाही मिळाला?”

“हे काय, माझे बाबाच मेकॅनिक. त्यांनीच मुद्दाम असा लावून दिलाय,” लेक म्हणाली आणि सांगत सुटली.

बाईंनी चष्मा पुसला आणि पडद्याला नाक लावून चांगली पाच मिनिटं शंभरातली ती एक शोधत बसल्या. जाताना म्हणाल्या, “कायम केल्याचं पत्र याच आठवड्यात पाठवते.”

लेक आनंदाने वळली, तर बाप तोंड पाडून उभा.

“चाळीस वर्षं मी त्यांना मारत आलो गं पोरी.”

“कुठलं मारताय! तुम्ही वरून नुसतं चित्र चढवलंत, बाबा. त्या खालून येतच होत्या.”

तेव्हा कुठे म्हाताऱ्याचा जीव भांड्यात पडला.