मंगळवारी कापलेले केस

माझी खानावळ आणि अ‍ॅन्सल क्राउडरचं केस कापायचं दुकान यांच्यामध्ये एकच भिंत आहे. त्याचा रेडिओ मला इकडे ऐकू येतो आणि माझं चिकन करपलं की त्याला तिकडे वास जातो. बायको गेल्यापासून तो रोज दुपारी माझ्याकडेच जेवतो. पण त्याच्या खुर्चीत बसून कोण काय बोललं, ते त्यानं मला कधी सांगितलं नाही. विचारलं की म्हणायचा, "खुर्चीतलं खुर्चीत, ओपल." मला फार राग यायचा. पेलम गावातल्या निम्म्या भानगडी माझ्या भिंतीपलीकडे उघड व्हायच्या, आणि मी इकडे बसायची मक्याचे पाव भाजत.

कॉलेजच्या फुटबॉल संघाचा मुख्य कोच मॅब्री दर गुरुवारी त्याच्याकडे यायचा. केस वाढलेले असोत नसोत. पहिल्या वर्षी एकदा गुरुवारी केस कापले आणि शनिवारी संघ जिंकला, तेव्हापासून वार बदलायची कोणाची छाती झाली नाही. बसताना कोच म्हणायचा, "नेहमीसारखं," आणि उठताना म्हणायचा, "गुरुवारी येतो." मधे काय बोलायचा ते अ‍ॅन्सलला ठाऊक.

अ‍ॅन्सलची एकुलती एक मुलगी ट्वायला. तिचा नवरा क्लिंट मॅब्रीच्या हाताखाली पुढच्या फळीतल्या धिप्पाड पोरांना शिकवायचा. कोचच्या हाताखालच्या माणसांचं आयुष्य म्हणजे विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. मुख्य कोच गेला, की नवा येतो तो आपली माणसं घेऊन येतो, आणि जुन्यांनी दुसऱ्या राज्यात घर शोधायचं. लग्नापासून ट्वायला गावोगाव फिरली होती. पेलमला बदली झाली तेव्हा ती घरीच आल्यासारखी झाली, बापापासून दोन गल्ल्यांवर. तरी तिनं भिंतीवर एक फोटो लावला नव्हता. सगळ्या तसबिरी जुन्या चादरीत गुंडाळून कपाटात. मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "मिस ओपल, खिळा ठोकला की बदलीचा फोन येतो. दोनदा आलाय." तिची छोकरी जूनी चार वर्षांची. शाळा सुटली की आजोबांच्या दुकानात येऊन रिकाम्या खुर्चीत गोल गोल फिरायची. अ‍ॅन्सलचा जीव तिच्यात अडकला होता, आणि तो ते लपवायचाही नाही.

त्या नोव्हेंबरात शेजारच्या राज्यातल्या मोठ्या कॉलेजनं आपल्या कोचला हाकललं आणि आमच्या गावाची झोप उडाली. मॅब्रीच्या कराराची दोनच वर्षं उरली होती. ते लोक त्याला उचलणार, असं ज्याच्या त्याच्या तोंडी. कोचची बायको कपड्यांच्या दुकानातून नारिंगी स्वेटर घेऊन बाहेर पडली. नारिंगी हा त्या मोठ्या कॉलेजचा रंग. मग काय, दुपारपर्यंत ती बातमी तीन चर्चमध्ये पोचली. तो स्वेटर तिनं भाचीला दिला हे कळेपर्यंत एका बाईनं तिच्याशी बोलणं टाकलं होतं. शहाणपणात आमचं गाव कुणाला हार जाणार नाही.

अ‍ॅन्सल मात्र दिवसेंदिवस गप्प होत चालला. जेवताना काटा हातात धरून दाराकडे बघत बसायचा. जमिनीवर एक केस नसताना झाडू मारायचा. आरसा पुसायचा, खुर्ची पुसायची, परत आरसा. भिंतीपलीकडून मला तेवढंच ऐकू यायचं. मी म्हटलं, "अरे, काच झिजेल." तो म्हणाला, "मॅब्री गेला तर माझी पोरं ख्रिसमसनंतर कुठे असतील, सांग बरं?" मला काय ठाऊक? देशाच्या पार दुसऱ्या टोकाचं आयडाहो म्हणाले असते, तर तो तिथेच रडला असता.

शेवटचा सामना झाला, आणि पुढच्याच मंगळवारी सकाळी मॅब्रीची गाडी दुकानासमोर थांबली. मंगळवार! माझ्या हातातला झारा कढईत पडला. रस्त्यापलीकडचा औषधवालाही दारात येऊन उभा राहिला. कोच आत गेला, थोड्या वेळानं बाहेर आला, गाडीत बसून निघून गेला. मान पार कोरलेली, केस पोलिसासारखे बारीक.

दुपारी खानावळ गच्च भरली. कोपऱ्यात लॉयल टिब्स बसला होता. हा रोज संध्याकाळी रेडिओवर फुटबॉलची चर्चा चालवतो, म्हणजे लोक फोन करून ओरडतात आणि हा त्यांना आणखी ओरडायला लावतो. अ‍ॅन्सल येऊन गल्ल्यापाशी बसला. लॉयलनं सवयीनं खडा टाकला, "काय मिस्टर अ‍ॅन्सल, मंगळवारी कशी काय पूजा बांधली कोचची?"

मला वाटलं, आता 'खुर्चीतलं खुर्चीत' येणार. अ‍ॅन्सलनं पाण्याचा घोट घेतला. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "असे काप म्हणाला, की तीन आठवडे बघायला नको. 'गुरुवारी येतो' म्हणाला नाही."

लॉयल अर्धं जेवण टाकून पळाला. मी अ‍ॅन्सलपुढे ताट ठेवलं आणि हळूच म्हटलं, "हे काय केलंस तू?"

"खरं तेच बोललो."

"ते मी कुठे नाही म्हणते?"

"ओपल, कॉलेजवाले सुस्त बसलेत," तो ताटाकडे बघत म्हणाला. "तो जातोय असं वाटल्याशिवाय ते हलायचे नाहीत. हलले की त्याला बांधून ठेवतील. तो राहिला तर पोरं राहतील." त्याचे कान लाल झाले होते. मी त्याला जास्तीचा वाटाणा वाढला. मलाही ट्वायला जायला नकोच होती.

संध्याकाळी रेडिओवर ते तीन आठवडे गाजले. लॉयलच्या तोंडून ऐकताना ते अ‍ॅन्सलच्या बोलण्यापेक्षा बरेच मोठे वाटले. कोचचा फोन बंद. त्याची बायको दार उघडेना, आणि स्वेटरनंतर का उघडावं तिनं? लोक विमानतळावर गेले. आमचा विमानतळ म्हणजे एक पट्टी, एक पत्र्याची शेड आणि तारेचं कुंपण. कुंपणाला टेकून घडीच्या खुर्च्या मांडल्या, थर्मास आणले, आणि मोठ्या कॉलेजचं विमान कोचला न्यायला कधी येतंय ते बघत बसले. पिकावर फवारणी करणारं एक विमान उतरलं, तर त्याच्या पायलटला चौघांनी घेरून विचारलं, "कोच कुठाय?" तो बिचारा म्हणाला, "मला संडासला जाऊ द्या."

आणि कोच मॅब्री कुठे होता? आमच्याच तालुक्यात, नदीकाठच्या रानात, झाडावर बांधलेल्या मचाणावर हरणाची वाट बघत बसला होता. शिकारीच्या मुक्कामात ना न्हावी, ना फोन. काखेत कळसा आणि गावाला वळसा. पण हे आम्हाला नंतर कळलं. तेव्हा कॉलेजच्या विश्वस्तांची मात्र गाळण उडाली. त्यांनी कोचच्या वकिलाला गाठलं. वकील पक्का मुरलेला. 'कोच कुठेही जात नाहीये' हे चार शब्द तो चुकूनही बोलला नाही. नुसता म्हणत राहिला, "बघू या, काय देताय ते." रविवारी चर्च सुटायच्या आत बातमी आली की नवा करार झाला, मॅब्री पेलममध्येच राहणार.

लोकांनी गाड्यांचे भोंगे वाजवले. सोमवारी अ‍ॅन्सलच्या दुकानात तीन केक आले. कोण येई तो त्याची पाठ थोपटे. "मिस्टर अ‍ॅन्सल, तुम्ही तोंड उघडलंत म्हणून वाचलो." तो हसत होता. जूनीनं केकवरचं क्रीम खुर्चीच्या हाताला फासलं, तेही त्यानं पुसलं नाही. इतका सुखी मी त्याला फार दिवसांत पाहिला नव्हता.

गुरुवारी कोच शिकार अर्धवट सोडून आला. नंतर खुर्चीत जे झालं ते अ‍ॅन्सलनं मला पुढे सांगितलं, पण पार सगळं संपल्यावर.

कोच बसला, म्हणाला, "नेहमीसारखं." अ‍ॅन्सलनं मानेभोवती कापड बांधलं. कोच आरशात न बघता म्हणाला, "अ‍ॅन्सल, मी काही मागितलं नव्हतं रे. मी झाडावर बसलो होतो. खाली उतरलो तर करार तयार. कोणीतरी त्यांना सांगितलं मी चाललोय म्हणून."

अ‍ॅन्सलची कात्री चालू होती.

"एवढी वर्षं वाढवून दिली, तर त्यांनीही अट घातली. पुढची फळी यंदा कमी पडली, म्हणे. तिथे नाव असलेला माणूस हवा. जुना करार असता, तर मी क्लिंटला आणखी दोन वर्षं सांभाळला असता. त्याला उद्या सकाळी बोलावलंय. तू त्याचा सासरा आहेस, म्हणून तुला आधी सांगतोय. हे खुर्चीतच राहू दे."

अ‍ॅन्सल म्हणाला, "राहील, कोच." आणि त्यानं मान कोरली. कोच उठला तेव्हा म्हणाला, "गुरुवारी येतो."

करायला गेले काय आणि वर झाले पाय. पण त्या संध्याकाळी मला यातलं काही ठाऊक नव्हतं. ट्वायलानं आम्हाला जेवायला बोलावलं होतं. मी अक्रोडाचा केक घेऊन गेले. दारातच तिनं बापाच्या हातात हातोडी दिली. "डॅडी, आज खिळे ठोकायचे. करार झालाय, आता कोण उठवतंय आम्हाला?" कपाटातल्या तसबिरी सोफ्यावर मांडल्या होत्या. तिच्या आईचा फोटो, लग्नाचा, जूनी जन्मली त्या दिवसाचा. क्लिंट स्वयंपाकघरातून ओरडला, "बघा हं, वाकड्या लावल्यात तर कोचला सांगेन."

अ‍ॅन्सल स्टुलावर चढला. मी खिळे धरून उभी होते. प्रत्येक खिळ्यापाशी तो इतका वेळ काढत होता, की मी म्हटलं, "अरे, भिंत आहे, बाळ नव्हे. हाण की." त्यानं परत माप घेतलं. ट्वायला लांबून सांगायची, "डावीकडे थोडं. अजून. बस्स." आईचा फोटो लागला तेव्हा तिनं डोळे पुसले आणि बापाला मिठी मारली. त्यानं हातातली हातोडी खाली ठेवलीच नाही; मला वाटलं, आनंदात विसरला.

क्लिंटला दुसऱ्या दिवशी नोकरी गेल्याचं सांगण्यात आलं. ख्रिसमस होऊन गेल्यावर त्याला टेक्सासच्या पश्चिमेला कुठेसं काम मिळालं. शहराचं नाव मी दोनदा विचारलं आणि दोनदा विसरले. ट्रक लागला त्या सकाळी मी डबे भरून घेऊन गेले. ट्वायला तसबिरी उतरवून त्याच जुन्या चादरीत गुंडाळत होती. अ‍ॅन्सल पकडीनं खिळे काढत होता.

ती म्हणाली, "डॅडी, एक विचारू? त्या संध्याकाळी हे लावताना तुम्हाला माहीत होतं?"

अ‍ॅन्सलनं पाठ फिरवली नाही, खोटंही बोलला नाही. "होतं."

"आणि बोलला नाहीत."

"खुर्चीतलं खुर्चीत, बाळा. कोचनं सांगितलं होतं."

ट्वायलानं चादरीची गाठ मारली. चिडली नव्हती ती, चिडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "मग मंगळवारचं का नाही राहिलं खुर्चीत?"

अ‍ॅन्सलनं पुढचा खिळा पकडीत धरला, तो निघेना, मग दोन्ही हातांनी ओढला. आईच्या फोटोचा होता तो, भिंतीत चांगलाच खोल गेला होता.

मॅब्री अजून दर गुरुवारी येतो. अ‍ॅन्सल त्याचे केस कापतो, मान कोरतो. भिंतीपलीकडून मी ऐकते. कोच बोलत असतो, आणि अ‍ॅन्सल आता रेडिओ इतका मोठा करून ठेवतो, की खुर्चीतलं त्यालाच ऐकू जाऊ नये.