पहिली येईल ती गाडी

फोन आला तेव्हा मी दुखरा गुडघा शेकत ओट्यावर बसले होते. नंबर ह्यांचा, आवाज दुसऱ्याचा. मुरुडच्या एका खानावळीचे मालक बोलत होते. "भाभी, साहेब जेवता जेवता पडले… दवाखान्यात नेलं, पण नाही राहिले." आमचे हे मुरुडला आहेत, हे मला त्या फोनवरच कळलं.

दिवसकार्याला जमलेल्यांना हेच खटकलं. हृदयाच्या दुखण्याचा माणूस एकटा भटकतो आणि बायकोला पत्ता नाही. धाकटे दीर सगळ्यांसमोर म्हणाले, "वैनी, दादाला सोडलंत कसं? घरी असता तर आज जिता असता." मी म्हटलं, "सोडायला ते काय दावणीला बांधले होते?" तेव्हापासून भाऊजी माझ्याशी धड बोलत नाहीत. नसू देत. माझं उत्तर अर्धंच राहिलं होतं, ते इथे पुरं करते.

न्हावा शेव्याच्या बंदरात कुठला कंटेनर कुठे ठेवायचा, हे ठरवण्यात ह्यांची सगळी नोकरी गेली. आधी जहाजावर चढायचा तो वर, उशिराचा खाली. एक चुकला की अख्खी थप्पी हलवा. तीच शिस्त आमच्या तळा गावातल्या घरात. बुधवारी दुधी म्हणजे दुधी, मग दारात ताजी कोळंबी का येईना. निवृत्तीनंतर दुखणं निघालं आणि मुलाने पुण्याहून नवं वेळापत्रक पाठवलं: चालणं, गोळ्या, उकडलेलं जेवण, दुपारची झोप. ह्यांनी ते इमानेइतबारे पाळलं. पण माणूस मुका होत चालला. छातीवर हात ठेवून ठोके मोजत बसायचे… मला ते बघवत नसे.

मग एकदा पनवेलला तपासणीसाठी निघाले. पनवेलची गाडी आलीच नाही. मुरुडची आली, तिच्यात चढले. संध्याकाळी उन्हाने रापून, पिशवीत सुके बोंबील घेऊन हजर. मी चांगलीच संतापले. तर म्हणतात, "अगं, तिथं माझी कोणी वाट बघत नव्हतं. लय बरं वाटलं." कित्येक महिन्यांनी हा माणूस हसत होता.

मी तपासणी दुसऱ्या दिवशी करून घेतली. गोळ्यांवर शेवटपर्यंत माझंच राज्य होतं. पण अधूनमधून स्टँडवर जायचं आणि पहिली येईल ती गाडी धरायची, हे सुरू झालं. बहुतेकदा मी सोबत असायची. एकदा म्हसळ्याला परतीची गाडी रद्द झाली, तर हे वडापाव खात एका अनोळखी म्हाताऱ्याशी भाताच्या बियाण्यावरून तावातावाने भांडत बसले. आमच्या अख्ख्या संसारात मी त्यांना इतकं बोलताना पाहिलं नव्हतं.

तरी खोटं कशाला सांगू, दिरांचं बोलणं मलाही टोचत होतं. मी अडवलं असतं तर… म्हणून गेल्या आठवड्यात मुद्दाम मुरुडला गेले. खानावळीच्या मालकांनी ह्यांची जागा दाखवली. खिडकीजवळची. मी तिथेच बसले आणि विचारलं, "काय करत होते?"

"हसत होते, भाभी. समोरच्या गिऱ्हाइकाला बंदरातल्या गमती सांगत होते. सुरमईची दुसरी तुकडी मागवली होती."

डॉक्टरांनी बंद केलेली तळलेली सुरमई, आणि वर दुसरी तुकडी. मला राग यायला हवा होता. मी रडले, अगदी मोकळी होईपर्यंत रडले. मालक पाण्याचा ग्लास ठेवून बाजूला उभे राहिले.

"खाल्ली का त्यांनी ती दुसरी?"

"नाही. तव्यावरच होती…"

"मग मला आणा," मी म्हटलं.

गरम होती. काटे काढत काढत मी ती सगळी संपवली.