नाकाखाली धरलेलं बोट

आमच्या कोरेगावातल्या नेहमीच्या आशाताई रजेवर होत्या, म्हणून त्यांच्या जागी दुसऱ्या एक बाई एकदाच आल्या. नाव विचारायचं राहूनच गेलं. आधी त्यांनी माझ्या बाळाला झोळीत घालून त्याचं वजन केलं, मग अंबाड्यात खोचलेलं पेन काढून बाळंतिणीला विचारायच्या प्रश्नांचा कागद मांडीवर घेतला.

"उगीच भ्या वाटतं का गं? जीव घाबरा हुतो?"

दारात सासूबाई बसलेल्या. मी म्हटलं, "न्हाई. सगळं बरं हाय."

त्यांनी पेन परत अंबाड्यात खोचलं आणि दाराकडं वळल्या. "आवं मावशी, तुमच्या येळंला कुणी इचारलं न्हवतं न्हवं? मग आधी तुमीच सांगा."

सासूबाई लाजून हसल्या. मग पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या, "ह्याचा बाप तान्हा असताना झोपला की मी त्याच्या नाकाखाली बोट धरून बसायची. श्वास चाललाय का बघत. कुणाला सांगितलं न्हाई कवा."

माझं बोट त्या वेळी मांडीवर झोपलेल्या बाळाच्या नाकाखालीच होतं. ते दोघींनीही पाहिलं.

बाईंनी हसत पेन काढलं. "कागद एकच हाय. दोघी जरा जवळ सरकून बसा."