आत्याच्या पेटीतला रेडिओ

आमच्या अप्पांची गाडी मुळात एका मिरासदाराची, म्हणजे कावेरीकाठच्या बड्या जमीनदाराची. त्यानं नवी घेतली आणि जुनी अप्पांच्या गळ्यात मारली. अप्पा डॉक्टर. आता कुंभकोणचा डॉक्टर म्हणजे पैसेवाला असं कुणाला वाटत असेल, तर त्यानं आमच्या घरी यायचं होतं. फी म्हणून केळीचे घड यायचे, भाताची पोती यायची, एकदा तर गाभण शेळी आली. घरात रेडिओ घ्यायची ऐपत नव्हती, पण गाडीत होता! मिरासदारानं हौसेनं बसवलेला. त्याचा आवाज कसा, तर डबीत डास कोंडलाय. इंजिन चालू केलं की तोही गेला.

आम्हांला त्याचं काही वाटत नव्हतं. पण एक दिवस माझ्या थोरल्या बहिणीला, अक्काला, तिरुचिरापल्लीच्या रेडिओवर गायचं बोलावणं आलं आणि घर नुसतं दणाणलं. संध्याकाळी पंधरा मिनिटं, आणि शेवटी एक मराठी पद. त्या वेळी रेडिओवर सगळं थेट व्हायचं, आधी मुद्रित करून ठेवणं नाही. गायलं, हवेत गेलं, संपलं. ज्यानं ऐकलं त्यानं ऐकलं.

आणि ऐकायला हवं होतं ते आत्यानं. आत्या म्हणजे अप्पांची थोरली बहीण. कोवळ्या वयात विधवा होऊन आमच्याकडे आलेली, लाल लुगड्यातली, सोवळ्यातली. अप्पांसकट सगळे तिला आत्याच म्हणत. अक्काचं सगळं गाणं तिनं शिकवलेलं. पण कसं? चुलीपाशी बसून, कुजबुजत! आम्ही तंजावरच्या मराठी राजांबरोबर खाली दक्षिणेत उतरलेल्यांपैकी. घरात मराठी, उंबरा ओलांडला की तमिळ. पण सोवळ्यातल्या बाईचा गळा रस्त्यावर जाऊ नये, हे दोन्ही भाषांत सारखंच. त्यामुळे तिचा मोकळा आवाज आम्ही कुणी ऐकलाच नव्हता. अक्कानंसुद्धा नाही. अप्पांनी लहानपणी ऐकला असेल तेवढाच. त्यात दोन वर्षांपासून आत्याचे कान गेलेले. अगदी कानाशी ओरडावं तेव्हा कुठे काही पोचायचं.

नगरपालिकेच्या बागेत खांबावर कर्णा होता, सारं गाव तिथं गवतावर बसून रेडिओ ऐकायचं. पण आत्या बागेत? छे! शेजारी वकिलांकडे मोठा सेट होता. पण परक्या घरात ती पाऊल ठेवायची नाही. राहिली गाडी. गाडीबद्दल मात्र तिनं स्वतःच निकाल देऊन टाकला होता, "गाडी आपली, म्हणजे घरच कीं तें." तरी सीट चामड्याची, म्हणून त्यावर लोकरीची धाबळी अंथरायची. लोकर चालते, कातडं चालत नाही. का, ते मला विचारू नका, मी आयुष्यभर विचारून दमले.

अप्पांनी ठरवलं, गाडीच्या रेडिओचा आवाज वाढवायचा. मद्रासहून नवा सेट मागवावा म्हणून त्यांनी चौकशी केली, किंमत ऐकली आणि मुकाट्यानं रोग्याच्या घरी निघून गेले. आई म्हणाली, "आहे त्यातच काय ते करा." मग अप्पांनी रेडिओ दुरुस्तीच्या दुकानातून एका मेलेल्या सेटचा मोठा स्पीकर पैदा केला. कागदाचा भोंगा, कडेला जरा फाटलेला. तो आईनं खळ लावून चिकटवला. पुढच्या सेटपासून मागच्या सीटपर्यंत वायर ओढली. आता उघड्या स्पीकरला अंग हवं, त्याशिवाय आवाजाला पोट येत नाही.

कुंभकोणच्या माणसाला कशावरही एकच इलाज सुचतो. पितळ! गावभर भांड्यांची ठोकठोक, पलीकडे नाचियारकोविलला समयांच्या भट्ट्या. अप्पांना वाटलं, पितळेसारखं खणखणीत काही नाही. पाण्याचा पितळी कुडम, म्हणजे आपली घागर हो, त्याच्या तोंडावर स्पीकर बांधला आणि लावला रेडिओ. अगं बाई! बातम्या देणारा गृहस्थ विहिरीत पडून भांडी आपटतोय असं वाटलं. मी हसून हसून गाडीत आडवी झाले. अप्पा चिडले. "तुला जमतंय का बघ!" म्हणाले आणि पुन्हा कुडम फिरवून बांधायला लागले. तीन दिवस आम्ही घागरीविना होतो.

चौथ्या दिवशी आत्यानं विचारलं, कुडम कुठे आहे. मी तिच्या कानाशी सगळं ओरडून सांगितलं. ती उठून आत गेली, आपली फणसाच्या लाकडाची पेटी ओढत घेऊन आली. त्या पेटीत तिची सोवळ्याची लुगडी असायची. जगात तिचं स्वतःचं म्हणून तेवढंच एक सामान. लुगडी तिनं दोरीवर टाकली होती.

"वीणा कशाची करतात? फणसाचीच ना?" ती अप्पांना म्हणाली. "आणि ही माझी. हिला हात लावायला मला कसली अडचण?"

अप्पा करवत घेऊन बसले आणि बसूनच राहिले. बहिणीच्या एकुलत्या पेटीला भोक पाडायचं त्यांच्यानं होईना. शेवटी आत्याच खेकसली, "अरे, काप कीं!" तेव्हा त्यांनी कापली. स्पीकर आत बसला, फटींत जुन्या धोतराच्या चिंध्या कोंबल्या, आणि काय सांगू, आवाज असा भरून आला की मला चिडवायला काही उरलंच नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी आई आणि अक्का सकाळच्या आगगाडीनं तिरुचिरापल्लीला गेल्या. गावातल्या गिरण्यांच्या विजेच्या मोटारींनी रेडिओत खरखर यायची, म्हणून अप्पांनी गाडी तिरुनीलक्कुडीच्या रस्त्याला काढली. दोन्हीकडे भाताची खाचरं, माणूस नाही. इंजिन बंद केलं, काचा वर केल्या. घामानं आम्ही नुसते निथळत होतो. पुढे अप्पा, मागे मी आणि धाबळीवर आत्या, मांडीवर पेटी.

तमिळमध्ये घोषणा झाली आणि अक्काचा सूर लागला. मी आत्याकडे बघितलं. तिचा चेहरा कोरा. अप्पांनी आवाज शेवटापर्यंत पिळला. तिनं कान भोकाशी नेला, मान हलवली, नाही. अप्पा वळून बघत होते. इतका केविलवाणा माणूस मी पाहिला नाही. एक कृती, म्हणजे कर्नाटकी चीज, संपली, दुसरी संपली.

मग मराठी पद सुरू झालं, मृदंग घुमायला लागला. आत्यानं आता कान काढून दोन्ही तळवे पेटीवर पसरले होते. एकाएकी तिची बोटं हलली. ठेका लाकडातून तिच्या हातांत पोचत होता! ती क्षणभर थांबली, जागा ओळखली, आणि गायला लागली.

कुजबुजत नव्हे. बहिऱ्या माणसाला आपला आवाज किती ते कळत नाही. तिनं गळा सोडला तो असा, की काचा थरथरल्या. केवढा आवाज तो! जाड, खोल, कुठेही न डगमगणारा. इतकी वर्षं आमच्या चुलीपाशी हे कोंडून ठेवलं होतं आम्ही? मला रडू फुटलं आणि रागही आला, कुणाचा ते सांगता येईना. अक्काचा एक शब्दही ऐकू येईना. अप्पांनी तिला थांबवलं नाही. मान खाली घालून, स्टिअरिंगवर कपाळ टेकून ते ऐकत राहिले. मृदंग थांबला तेव्हाच ती थांबली.

"छान गायली पोर," आत्या म्हणाली. "घाई नाहीं केली."

दुसऱ्या दिवशी अक्का घरात शिरली ती चपला न काढताच. "अप्पा, कसं झालं? आत्यापर्यंत पोचलं का?"

अप्पांना खोटं बोलता येत नसे. "पोचलं गं," ते म्हणाले. "पण तुझं पद मी ऐकलं नाही. आत्या गात होती. मोठ्यानं."

अक्का उंबऱ्यातच मटकन खाली बसली. सगळ्या मुलखानं तिला ऐकलं होतं, वाटेत लोकांनी तिला थांबवून कौतुक केलं होतं. ती तोंडावर पदर घेऊन लहान पोरीसारखी रडायला लागली.

"आणि मी तिथं नव्हते!"