आप्पांचा बसलेला बैल

"उलटू का पान?"

आपण गोष्ट वाचत असताना समोरच्यानं असं विचारलं तर कुणालाही राग येईल. मला तर पहिल्यांदा चांगलाच आला होता. मी रंगात येऊन वाचत होतो आणि समोर बसलेले आप्पा वहीच्या कोपऱ्याखाली अंगठा घालून थांबले होते. आवाजात टोचणी अजिबात नाही. पंगतीत "भात वाढू का?" म्हणून विचारावं तसा सूर. पण अर्थ सरळ होता. ज्या पोरासाठी लिहिलंय त्याचं चित्र बघून झालं, ते पुढच्या पानाकडे निघालं, आणि गुरुजी, तुम्ही अजून बोलताच आहात.

आप्पा शेवगावला जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर होते. त्यांचं नाव इथं मुद्दाम लिहीत नाही, ते त्यांना आवडलं नसतं. जखम धुवायची, पट्टी बांधायची, डॉक्टर इंजेक्शन देत असताना बैलाचं तोंड धरायचं, हे त्यांचं काम. बोटांना टिंक्चरचे डाग कायमचे. अशा माणसाला लहान मुलांचं चित्रांचं पुस्तक लिहायचं होतं, हे तुम्हाला खरं वाटणार नाही. मलाही वाटलं नव्हतं.

नव्वदनंतरची पहिली दोन-तीन वर्षं असतील. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीला शिकवत होतो. वर्गात चित्रांचं म्हणावं असं एकही पुस्तक नव्हतं, आणि ती उणीव मीच भरून काढणार अशी त्या वयात माझी खात्री होती. वाचनालयाच्या फळ्यावर मी चिठ्ठी लावली: ज्यांना मुलांसाठी चित्रांची पुस्तकं लिहायची आहेत त्यांनी रविवारी भेटावं. तीन माणसं आली. गल्लीत शिवणकाम करणाऱ्या एक काकू, चोरून कविता करणारे एका बँकेतले कॅशियर, आणि आप्पा. रविवारी वाचनालयाला कुलूप. ते बघून आप्पा म्हणाले, "चला आमच्याकडं. किल्ली हाय."

तेव्हापासून आमची बैठक जनावरांच्या दवाखान्याच्या ओट्यावर. समोर जनावरं अडकवायचा लोखंडी खोडा. वाचन ऐन भरात असताना कुणी गाय घेऊन आला की आप्पा उठायचे. पट्टी बांधून, हात साबणानं धुऊन परत यायचे आणि विचारायचे, "हां, ससा कुठवर आला?"

चित्र आमच्यापैकी एकालाही काढता येत नव्हतं. काकू पाठकोरे कागद दुमडून मधोमध मशीनची टीप घालायच्या आणि सोळा पानांची वही करायच्या. प्रत्येक पानाचा वरचा भाग चित्रासाठी कोरा, खाली मजकूर. ज्याची गोष्ट त्यानं वाचायची, पान आप्पांनी उलटायचं. वाचून झाल्यावर 'छान' म्हणायला बंदी होती, आणि ती आप्पांनीच घातली होती. "छान म्हनजे उठायची घाई. काय दिसलं त्ये सांगा." मग प्रत्येकानं डोळ्यांपुढं काय आलं ते सांगायचं. काहीच आलं नसेल तर तसंही सांगायचं.

माझ्या पहिल्या गोष्टीत सिंह होता. आप्पांनी ती सगळी ऐकली आणि विचारलं, "गुरुजी, ह्यो सिंह बसतो कसा? आदी पुढचे पाय मुडपतो का मागचे?"

मला काय ठाऊक? मी सर्कससुद्धा लांबूनच पाहिलेली.

"मंग जे पाहिलंय त्ये आना की," आप्पा म्हणाले. पुढच्या रविवारी मी मुकाट्यानं कोंबडी आणली.

त्या कोंबडीनं माझा जीव खाल्ला. पुण्याच्या प्रकाशकांकडून तीनदा साभार परत. तिसऱ्यांदा परत आली त्या आठवड्यात मी बैठकीला गेलोच नाही. काकूंकडे राहिलेली माझी वही घेऊन आप्पा सायकलवरून माझ्या खोलीवर आले. ते मला धीर देतील, चार गोड शब्द बोलतील, मग मी आढेवेढे घेईन, असा माझा हिशेब होता. त्यांनी चहा घेतला, बशी पुसून ठेवली आणि वही माझ्यापुढे सरकवली. "आज तुमची पाळी हुती. वाचा." मी वाचलं. चौथ्या पानावर त्यांनी विचारलं, "उलटू का?" आणि मला एकदम इतकं बरं वाटलं की काय सांगू. माझ्या कोंबडीचं पुढं काय होतं याची काळजी असलेला जगात एक तरी माणूस होता.

मग आम्ही खोडायलाच बसलो. जे चित्रात दिसेल ते शब्दांत नको, असा आप्पांचा कायदा. कोंबडी तांबडी आहे? चित्रात दिसेल, खोडा. टोपलीत बसली? दिसेल, खोडा. फुली मारण्याआधी आप्पा प्रत्येक वेळी माझ्याकडे बघायचे, मी मान हलवली की मग पेन्सिल टेकवायचे. होता होता सोळा पानांत अकरा शब्द उरले. आम्हाला स्वर्ग दोन बोटं उरला. कॅशियरांनी ते अकरा शब्द बँकेतल्या हिशेबासारखे ठळक अक्षरात उतरवले आणि आम्ही पाकीट पुण्याला धाडलं.

आठ दिवसांत कार्ड आलं. 'आपले पाकीट मिळाले. मजकूर पाठवायचा राहिलेला दिसतो.'

कार्ड हातोहात फिरलं. आधी काकूंना हसू फुटलं, मग सगळ्यांनाच आवरेना. आप्पा डोळे पुसत म्हणाले, "चित्रं आपल्या डोसक्यातच ऱ्हायली की. पाकिटात कुठं घातली आपन?" चार शहाणी माणसं महिनाभर एकत्र बसली होती, आणि चित्र कुणीच काढलेलं नाही हे एकाच्याही ध्यानात आलं नव्हतं. मग कुठल्या पानावर कसलं चित्र हवं ते वेगळ्या कागदावर लिहून पुन्हा पाठवलं. ते स्वीकारलं गेलं.

पुस्तक छापून आलं तेव्हा आप्पांनी दोनदा हात धुतले आणि मगच ते हातात घेतलं. काकू म्हणाल्या, "अहो, घ्या हो, काही मळत नाही." तेव्हा ते बोलले. "आमच्या शाळेत चित्राचं एकच पुस्तक हुतं. मास्तर पोरांच्यात फिरवायचे. मी हात पुढं केला तर म्हनले, तू लांबून बघ." पुस्तक उघडत म्हणाले, "बघितलं लांबून. बदक हुतं."

जामखेडकडच्या त्यांच्या खेड्यातला तो वर्ग, आणि एकट्या त्यांनाच लांबून का बघायला सांगितलं असेल, हे न कळण्याइतके आम्ही दुधखुळे नव्हतो.

"रिटायर व्हायच्या आत आपलंबी एक पुस्तक झालं पायजे," आप्पा म्हणाले. "पोरांनी हातात घ्यावं असं." निवृत्तीला तेव्हा दोन वर्षं उरली होती.

त्यांची गोष्ट आम्हाला पाठ होती. एक बैल दवाखान्याच्या फाटकात येऊन बसतो. मालक कासरा ओढतो, कुणी शेपूट पिळतं, कुणी पाणी मारतं, डॉक्टर येऊन बघून जातात. बैल ढिम्म. मग एक लहान मुलगी येते आणि त्याच्या शेजारी मांडी घालून बसते. पंधरा पानं अशी की त्यातला एक शब्द काढायची आमची हिंमत नव्हती. सोळावं पान कोरं. "हे माझ्या डोळ्यांम्होरं घडलंय," आप्पा सांगायचे. "दिस कलला तवा बैल आपला आपन उठला. पन का उठला त्ये मला अजून कळलं न्हाई." आम्ही कारणं सुचवायचो. मुलीनं भाकरी दिली, बैलाचं दुखणं थांबलं, ऊन उतरलं. ते नीट ऐकून घ्यायचे आणि मान हलवायचे. "न्हाई."

आता माझं पाप सांगतो. निवृत्तीला सहा महिने राहिले तरी पान कोरंच. मी आता छापील लेखक झालो होतो, डोक्यात जरा हवा गेली होती. मी शेवट लिहिला: मुलगी गाणं म्हणते आणि बैल उठतो. चार ओळींचं गाणं कॅशियरांनी करून दिलं. काकू म्हणाल्या, "त्यांना विचारा तरी." मी म्हटलं, कशाला, छापून आल्यावरच हातात ठेवू, खूश होतील. आणि आप्पांच्या नावानं गोष्ट पाठवून दिली.

महिन्याभरात प्रकाशकांचा होकार आला. मी पत्र घेऊन पळतच दवाखान्यात गेलो. आप्पांनी खोड्याला टेकून ते वाचलं, मग माझ्याकडून नक्कल मागून घेतली आणि शेवट वाचला.

"पोरांना आवडंल," ते म्हणाले. "पन गुरुजी, बैल गान्यानं उठत असता तर सरकारनं मला कशाला ठिवलं असतं?"

मी हसलो. ते हसले नाहीत.

"तुमचा एक शबुद खोडायचा तर मी तुमाला इचारलं. परत्येक शबदाला इचारलं. तुमी मला इचारलं न्हाई."

त्यांनी स्वतः प्रकाशकांना कार्ड लिहिलं की पुस्तक पुरं झालेलं नाही, छापू नये. त्यानंतरचे दोन रविवार ते आले नाहीत. दवाखान्याची किल्ली मात्र शिपायाबरोबर वेळेवर पाठवली. आम्ही तिघं बसायचो, एकमेकांची तोंडं बघायचो आणि उठायचो. त्यांचं पुस्तक मी घालवलं, या विचारानं मला अन्न गोड लागेना. तिसऱ्या आठवड्यात मी शाळा सुटल्यावर दवाखान्यात गेलो. आप्पा एका वासराच्या पायाला पट्टी बांधत होते. "धरा हे," म्हणाले. मी वासरू धरलं.

"आप्पा, चुकलं माझं."

"व्हय," ते म्हणाले. पट्टीची गाठ मारली, वासराला थोपटलं. "रविवारी काय वाचताय?"

त्या रविवारी ते आले. माफी म्हणून जे काही असतं ते एवढंच झालं, आणि ते मला आयुष्यभर पुरलं आहे.

आप्पा निवृत्त झाले आणि कोरं पान तसंच घेऊन जामखेडकडे गावी गेले. अधूनमधून कार्ड यायचं, त्यात आमच्या गोष्टींची चौकशी असायची, स्वतःच्या गोष्टीबद्दल चकार शब्द नसायचा. आम्हीही विचारलं नाही. मग दोन वर्षांनी त्यांच्या मुलीचं पत्र आलं. आप्पा झोपेतच गेले होते.

आम्ही तिघं एसटीनं गेलो. मुलगी गावातली अंगणवाडी चालवत होती. बुद्धाच्या तसबिरीपुढं मेणबत्ती लावलेली होती, आम्ही हात जोडले. चहा झाला. मला राहवेना. मी विचारलं, "आप्पांची एक वही होती, बैलाची. ती आहे का? आम्ही छापून घेऊ."

"ती व्हय?" ती म्हणाली. "फाटली की. रोज अंगनवाडीत येऊन वाचायचे. पोरं वढातान करायची, वही फाटायची. आप्पा परत लिहून आनायचे, ती बी फाटायची. आता एक बी न्हाई ऱ्हायली."

माझा चेहरा बघून तिला वाईट वाटलं असावं. मी म्हटलं, "शेवट तरी सापडला का त्यांना? बैल का उठला?"

"उठत न्हाई बैल," ती म्हणाली. "आप्पांच्या पुस्तकात न्हाई उठत. ती पोरगी त्याच्याजवळ बसती. मंग एक गुरुजी येतो आन बसतो. मंग एक बाई येती, मांडीवर शिवायचं कापड घिऊन. मंग एक बँकेतला मानूस येतो. समदी तितंच बसत्यात."

"आणि मग?"

"मंग काय न्हाई. पुस्तक संपतं. पोरं बी उठत न्हाईत मंग, बसून ऱ्हात्यात."

काकूंनी पदर डोळ्यांना लावला. मी जमिनीकडे बघत होतो. एसटीची वेळ झाली, असं कॅशियर दोनदा म्हणाले, पण उठलं कुणीच नाही.