उत्तरांच्या कागदाला शीर्षक नव्हतं

शब्दांमध्ये संस्था तारण्याची ताकद असते. हे मी श्रद्धेनं नाही, अनुभवानं सांगतो. ती ताकद प्रकट झाली तेव्हा मी वसईतल्या एका सभागृहात तिसऱ्या रांगेत बसून घाम पुसत होतो, आणि व्यासपीठावर प्रमुख पाहुणे अत्यंत गंभीर आवाजात माझ्या स्पर्धेची उत्तरं वाचत होते. स्पर्धा अजून सुरू व्हायची होती.

मी शब्दकोडी रचतो. त्याआधी तीस वर्षं छापखान्यात प्रूफरीडर होतो. म्हणजे आधी लोकांच्या चुका काढून पोट भरलं, आता लोकांना चुकायला लावतो. त्या वर्षी फिलोमिना मॅडमनी बोलावून घेतलं. त्या आमच्या भागातल्या ट्रस्टच्या वाचनालयाच्या ग्रंथपाल. ट्रस्टला वाचनालयाची खोली जिमसाठी हवी होती. अध्यक्षांनी मॅडमना अट घातली होती: पंधरा दिवसांत पन्नास नव्या माणसांनी पुस्तक घरी नेलं पाहिजे, नाहीतर कपाटं हलवा.

"काका, काहीतरी मजेचं करा," मॅडम म्हणाल्या. "भाषणं ठेवली तर लोक वडे खाऊन जातात."

मी आठ कोडी केली. प्रत्येकात आधी एक उखाणा. त्याचं उत्तर आलं की त्याचीच अक्षरं हलवून साहित्यातला एक शब्द काढायचा. मराठीत हे काम अख्ख्या अक्षरानं चालतं. काना-वेलांटी ज्याची त्याच्याकडेच राहते, अक्षरानं फक्त जागा बदलायची. उदाहरणार्थ, रानात माणसाला रात्रभर गोल फिरवतो तो कोण? चकवा. आता अक्षरं हलवा. वाचक. असं.

आमच्या धंद्यात एक नियम आहे. उत्तरं कधी कोड्यांच्या कागदावर लिहायची नाहीत, वेगळ्या कागदावर लिहून पाकीट बंद करायचं. माझा त्यावर स्वतःचा एक उपनियम होता: उत्तरांच्या कागदाला शीर्षक द्यायचं नाही, आकडे घालायचे नाहीत. कागद भलत्याच्या हाती लागला तरी तो कसला आहे हे कळू नये. या उपनियमाचा मला अभिमान होता.

सकाळी ते पाकीट अध्यक्षांकडे दिलं. त्यांच्या टेबलावर तसंच दुसरं पाकीट होतं. त्यात पाहुण्यांचं भाषण होतं. आमच्याकडे पाहुण्याचं भाषण बोलावणाऱ्यानंच लिहून ठेवायची पद्धत आहे. पाहुणा मोठा असेल तर तो आधी वाचूनही बघत नाही. हे पाहुणे फार मोठे होते. कवी होते, खांद्यावर शाल होती, आणि अध्यक्षांनी त्यांना आणायला स्वतःची गाडी पाठवली होती.

पाहुणे उठले. पाकीट फोडलं. कागदाकडे पाहून क्षणभर थांबले. मला वाटलं, आता विचारतील. पण ते व्यासपीठावर आयुष्य काढलेले गृहस्थ होते. त्यांनी चष्मा सारखा केला आणि सुरुवात केली.

"चकवा..." मोठा विराम. "वाचक."

लोक सावरून बसले.

"रसद... सदर. खबर... बखर." आवाज खाली गेला. "वणीला... लावणी."

पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी डोळे मिटले. कुणीतरी "वा" म्हणालं. पाहुणे आता रंगात आले होते. शेवटची ओळ त्यांनी जवळजवळ कुजबुजत म्हटली:

"विकता... कविता."

टाळ्या पडल्या. चांगल्या मिनिटभर पडल्या. मॅडमनी येशूचा धावा करत माझं मनगट धरलं.

"जेजू! काका, ही तर उत्तरं!"

"हो."

"आता साहेब स्पर्धा रद्द करतील. उद्या ट्रेडमिल येईल."

तेवढ्यात मागून एक बाई उठल्या. मनवेलपाड्याच्या सुरेखाताई. वालीवला लेबलं छापायच्या कारखान्यात चेकिंगला होत्या, हे नंतर कळलं. हातात पेन होतं.

"सर, एक विचारायचं होतं. उत्तरं तर वाचून दाखवली. मग आता लिहायचं काय?"

सभागृहात हशा पिकला. शेजारच्या गृहस्थांनी त्यांना दयाळूपणे सांगितलं, "अहो ताई, ती कविता होती. मुक्तछंद."

"असं होय?" सुरेखाताई बसल्या. पेन मात्र खाली ठेवलं नाही.

मी उठायला हवं होतं. तीस वर्षं लाल शाईनं दुसऱ्यांच्या चुका धरल्या होत्या. त्या दिवशी एक चूक पाहिली आणि तशीच जाऊ दिली. अध्यक्षांनी तोवर दुसरं पाकीट हळूच उघडून पाहिलं होतं. आत त्यांच्याच अक्षरात 'उपस्थित बंधु-भगिनींनो' होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. स्पर्धा रद्द करायची तर कारण सांगावं लागणार, आणि कारण शाल पांघरून शेजारी बसलं होतं. अध्यक्षांनी पाकीट खिशात घातलं आणि माइकवर म्हणाले, "चला, स्पर्धा सुरू करू या."

अर्धा तास दिला. मी फेऱ्या मारत होतो. उत्तरं दहा मिनिटांपूर्वी कानांवरून गेलेली माणसं कपाळाला हात लावून बसली होती. डोळे मिटून ऐकणाऱ्या आजोबांनी चकव्याच्या जागी 'सासरा' लिहिलं होतं. अक्षरं हलवून त्यांना पुढे काही मिळेना. त्याचं खापर ते माझ्यावर फोडत होते.

निकाल लागला. सगळ्यांत मिळून आठही बरोबर एकाच कागदावर. सुरेखाताई पुढे आल्या, पण बक्षिसाच्या सुकेळ्यांच्या, म्हणजे वाळवलेल्या केळ्यांच्या, पुड्याला हात लावेनात.

"मॅडम, हे मला नको. मी काही सोडवलं नाही. त्यांनी वाचलं ते टिपून घेतलं."

मॅडमनी पुडा त्यांच्या पिशवीत टाकला. "वाचलं ते सगळ्यांसमोरच ना, बाई?"

जाताना पाहुण्यांनी अध्यक्षांचा हात हातात घेतला. "तुम्ही लिहून दिलंत ते... माझी शैली नेमकी पकडलीत." अध्यक्षांनी नम्रपणे मान झुकवली. मी तिथेच उभा होतो.

दुसऱ्या दिवसापासून वाचनालयात माणसं येऊ लागली. त्यांना ती कविता हवी होती. चकव्याची. मॅडम म्हणायच्या, "तो संग्रह यायचाय अजून. तोवर हे न्या," आणि जे हाताशी येईल ते पुस्तक द्यायच्या. पहिलं पुस्तक मात्र सुरेखाताईंनी नेलं होतं, त्याच संध्याकाळी, काहीही न विचारता. मुदतीच्या पंधराव्या दिवशी मॅडमनी अध्यक्षांपुढे रजिस्टर उघडलं. चोपन्न नावं होती.

"कवितेमुळे," अध्यक्ष जरा आखडून म्हणाले.

"तुमच्याच ना, साहेब?" मॅडमनी विचारलं.

खोली राहिली. जिम पुढे पार्किंगच्या बाजूला पत्रे टाकून झाली.

यातून मी एवढंच शिकलो की माणसाला काही समजलं नाही तर तो विचारत नाही, टाळ्या वाजवतो. आणि विचारणारा चुकून एखादा निघालाच तर शेजारी त्याला खाली बसवतात. उत्तरांच्या कागदावर आता मी वर ठळक अक्षरांत 'उत्तरं' लिहितो आणि खाली रेघ मारतो.

पुढच्या वर्षी पाहुण्यांचा नवा संग्रह आला. ती कविता त्यात आहे, ओळींचा क्रमही माझाच आहे. लोक इतके मागत होते म्हणून मॅडमनी लगेच एक प्रत घेतली आणि दारासमोरच्या कपाटात, सहज दिसेल अशी ठेवली. तिच्या शेवटच्या पानावर परतीच्या तारखांचा कागद चिकटवलेला आहे. तो अजून कोरा आहे.