बंधाऱ्यावरचा लाल बाण

माझ्या मामाचा पाडा वांगणीकडे, उल्हास नदीला मिळणाऱ्या ओढ्याच्या काठी. पावसाळा लागला की मासे अंडी घालायला उलट्या पाण्यानं वर चढतात, ओढ्यातून थेट भाताच्या खाचरात. याला आमच्याकडे वलगण म्हणतात, आणि सगळा गाव तेव्हा मासे धरायला लोटतो. मामाच्या घरची रीत मात्र वेगळी. पहिला लोंढा जाऊ द्यायचा, मगच जाळं टाकायचं. ‘आधी त्यांचं काम होऊ दे,’ म्हणायचा, आणि आम्ही भाचरं बांधावर हात चोळत बसायचो. फार राग यायचा तेव्हा.

मग खाली बदलापूरला बंधारा झाला आणि मामाच्या ओढ्यात मासे यायचे थांबले. तरी दर पावसात तो खाचराचा बांध थोडा उघडा ठेवतो. ‘पाहुणे येणारेत याचे,’ म्हणून मामी चिडते.

मध्यंतरी बंधाऱ्याच्या कडेला माशांना चढायला सिमेंटच्या बुटक्या पायऱ्या बांधल्या. मी बंधाऱ्याजवळच, हेंद्रेपाड्यात राहते, पोरांना चित्रकला शिकवते. मामाला हे सांगितलं तर विश्वासच बसेना त्याचा. मासा जिना चढतो म्हणजे काय, म्हणाला. पण पुन्हा पुन्हा विचारत राहिला. म्हातारपणी त्याला एकच हौस उरलेली, खाचरात पुन्हा मासा उडताना बघायची.

पायऱ्यांच्या भिंतीवर चित्रं काढायची टूम आमच्या सोसायटीची. उन्हाळाभर आम्ही बायका तिथे रंगाचे डबे घेऊन रापलो. मामाच्या पाड्यावरच्या बायकाही आल्या. त्या पांढऱ्या रंगात काडीनं असे मासे काढत की आमचे मासे त्यांच्यापुढे फुगे वाटावेत. मामा बघायला आला. आमच्यातल्या एका मॅडमनं माशाला पापण्या काढल्या होत्या. मामा बराच वेळ बघत राहिला. ‘नवरी आहे वाटतं,’ म्हणाला, आणि मॅडम चक्क लाजल्या. शेवटी लोकांना कळावं म्हणून आम्ही भलामोठा लाल बाण काढला आणि वर लिहिलं, ‘मासे इथून वर जातात’. त्याच्यासमोर सगळ्यांनी फोटो काढले, आणि ते मोबाईलवर गावभर फिरले.

पाऊस लागला आणि मासे आले. खरंच आले, पायरी-पायरीनं उड्या मारत, पोटं अंड्यांनी टम्म. मला रडूच फुटलं. मामाला फोन केला. ‘इकडं वाट मोकळी आहे,’ तो म्हणाला. ‘येऊ देत.’

दुसऱ्या सकाळी बाणाखाली जत्रा भरली होती. अंबरनाथहून, उल्हासनगरहून माणसं स्कूटरवरून आलेली. मच्छरदाण्या, ओढण्या, पिठाच्या चाळण्या, जे हाताला लागेल ते. पूर्वी मासे कुठे चढतात हे काठावरच्या चार घरांना ठाऊक असायचं. आता आम्हीच सगळ्यांना बोट दाखवलं होतं. सगळ्यात वरच्या पायरीवर कुणीतरी मच्छरदाणी आडवी बांधली होती, एकही सुटत नव्हता. मी ओरडले, भांडले. ‘मॅडम, वलगण है, सब पकडते हैं,’ एकजण शांतपणे म्हणाला. त्यात खोटं काय होतं? आमच्या सोसायटीतही त्या दिवशी घरोघरी माशांच्या अंड्यांची गाभोळी तळली जात होती. पापण्यावाल्या मॅडम तर प्रेमानं डबा घेऊन आल्या माझ्याकडे.

मामाचा रोज फोन. आले का? अजून कसे नाहीत? पाण्याला ओढ आहे, वेळ लागतो, असं काहीबाही मी सांगत राहिले. मग एकदा सगळं खरं सांगून टाकलं. मलाच राहवेना. म्हटलं, ‘मामा, मी बाण पुसते. पुढच्या पावसाळ्यात स्वतः पहाऱ्याला बसते. पुढच्या वर्षी येतील रे.’

‘कोण येईल गं?’ मामा म्हणाला. रागावला नव्हता, उलट माझीच समजूत काढत होता. ‘पुढच्या वर्षीचे मासे यांच्याच पोटात होते ना.’